भाल्याला टिकली

भाला पास झाला की मी त्यावर एक पिवळा गोल स्टिकर लावते. मुठीच्या जरा मागे, खेळाडूचं बोट लागणार नाही अशा जागी. असतो नखाएवढा, पण तो नसेल तर त्या दिवशी त्या भाल्याला मैदानावर प्रवेश नाही. आमच्या सासूबाई त्याला टिकली म्हणतात. शनिवारी मी मैदानावरून घरी आले की, "आज किती जणांना टिकल्या लावल्यास?" असं त्या विचारतात. किती पास केले हे मी एका वाक्यात सांगते आणि किती नापास केले हे चहा संपेपर्यंत सांगत बसते.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा. मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. पानात चटणी उजव्या बाजूला वाढलेली दिसली तर मी पाहुणी म्हणून गेलेल्या घरातही बोलते. मूळची नागपूरची, लग्न करून लंडनच्या कडेच्या हॅरोला आले त्याला पंचवीसेक वर्षं झाली, आणि नोकरीही मला माझ्या स्वभावाला साजेशी मिळाली: सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. नवरा म्हणतो, "तू ते फुकटही केलं असतंस." शनिवारी मी ते फुकटच करते.

मैदानाशी माझा संबंध आला तो मुलीमुळे. ती आमच्या जवळच्या ट्रॅकवर धावायला जायची, आणि क्लबचा नियम असा की ज्यांची मुलं खेळतात त्या आईबापांपैकी एकानं स्पर्धेच्या दिवशी काही ना काही काम करायचं. मुलीनं दोन वर्षांत धावणं सोडलं. मी चिकटून राहिले. परीक्षा दिली, पंचांचं जाकीट मिळवलं, आणि एके दिवशी ट्रॅकच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी नेमणूक झाली. स्पर्धेआधी तासभर सगळे खेळाडू आपापले भाले, थाळ्या, गोळे तिथे आणून देतात. वजनकाटा असतो, लांबी मोजायची पट्टी असते. पण भाल्याची खरी परीक्षा बोटांनी होते. टोकापासून शेपटापर्यंत हात फिरवायचा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा गुळगुळीत हवा. खाच नको, उंचवटा नको, खरखर नको. आमचे मुख्य पंच निवृत्त पोस्टमन आहेत. ते पहिल्याच वर्षी म्हणाले होते की तुझ्या बोटांनी नाही म्हटलं की मी काटा बघत नाही. ते वाक्य मी घरी किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही.

जिची ही गोष्ट आहे तिची आणि माझी पहिली भेट त्या शेडमध्येच झाली. सहा फुटांच्या आसपास उंची, चाळिशीला टेकलेलं वय, लाटव्हियाची आंतरराष्ट्रीय खेळाडू. आमच्या त्या आडबाजूच्या मैदानावर एवढी मोठी खेळाडू कशी, म्हणून बाकीचे पंच तिच्याभोवती कौतुकानं उभे होते. मी तिचा भाला हातात घेतला आणि नापास केला. मुठीची दोरी एका टोकाला सैल झाली होती. तिनं मान डोलावली, बाहेर बाकावर बसून अर्धा तास ती दोरी नव्यानं गुंडाळली, आणि भाला परत माझ्यासमोर आणून ठेवला. मी टिकली लावली. स्पर्धा संपल्यावर ती मला शोधत आली आणि म्हणाली, "थँक यू." नापास केल्याबद्दल माझे आभार मानणारं ते आयुष्यातलं पहिलं माणूस.

दोन महिन्यांनी तिला राहायला जागा हवी होती आणि आमच्या मुलीची खोली ती युनिव्हर्सिटीला गेल्यामुळे रिकामी होती. खोली बघायला ती आली ती हातात भाल्यांचं लांबलचक नळकांडं घेऊनच. जिन्यावर ते वळेना, म्हणून जिन्याखाली आडवं ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. सासूबाईंनी तिची मुलाखत घेतली. सासूबाई स्वतः पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आल्या, तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये काम करून निवृत्त झाल्या. त्यांचं इंग्लिश झटपट आणि हुकमी, कँटीनमध्ये कमावलेलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: काम काय करतेस, आणि भेंडी खातेस का? ती हॉस्पिटलात हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचं काम करत होती, आणि भेंडी तिनं कधी पाहिली नव्हती. "चालेल," सासूबाई मला म्हणाल्या, "शिकवू." त्या दिवसापासून तिचं आमच्या घरातलं नाव भालेवाली पडलं. ती त्यांना आजी म्हणू लागली.

तिची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि ती सांगायची झाली तर सासूबाईंच्या बांगड्यांपासून सांगावी लागेल. प्रत्येक स्पर्धेत खेळाडूला छातीवर लावायला नंबराचा कागद मिळतो आणि त्यासोबत चार सेफ्टी पिना. कागद तिनं एका बुटाच्या खोक्यात जपून ठेवले होते. पिना डब्यात नुसत्या पडून होत्या. त्या डब्याकडे बघून सासूबाईंचे डोळे चमकले. पिन दिसली की बांगडीत अडकवायची ही त्यांची जुनी सवय. भालेवालीनं सगळा डबा त्यांच्यापुढे ओतला. तेव्हापासून आमच्या सासूबाईंच्या हातात हेलसिंकीच्या पिना आहेत, दोहाच्या आहेत, बुडापेस्टच्या आहेत. साडीचा फॉल सुटलेला असो की पिशवीचा पट्टा तुटलेला असो, युरोपातलं कुठलं ना कुठलं शहर मदतीला येतं.

लाटव्हिया आपल्या विदर्भाहून लहान देश. पण तिथे भाल्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. शाळेतल्या बाईंनी तिच्या हातात पहिला भाला दिला तेव्हा ती बारा वर्षांची होती. अठराव्या वर्षी देशाचा टी-शर्ट मिळाला. मग पुढची वीस वर्षं विमानतळ. प्रत्येक काउंटरवर ते नळकांडं बघून "मासे पकडायला चाललात का?" हा एकच प्रश्न, सगळ्या भाषांत. मोठ्या स्पर्धेत भालाफेकीची पात्रता फेरी असते, तिथे फक्त तीन फेकी मिळतात. तीन वेळा धावायचं, आणि बहुतेक वेळा नळकांडं उचलून घरी यायचं. अंतिम फेरीत ती एकदाच गेली. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, कोपराची दोनदा झाली. हे सगळं ती कसलाही गळा न काढता सांगायची. मला तिचं तेच आवडायचं. आमच्याकडे साधी सर्दी झाली तरी तीन खंडांत फोन जातात.

एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं की तुझी सगळ्यांत लांब फेक कुठली. ती म्हणाली, "ती झालीच नाही." मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिनं सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी, तिच्याच गावाजवळच्या एका छोट्या मैदानावर, तिनं आयुष्यातली सगळ्यांत लांब फेक केली. त्या फेकीवर तिची त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. अशी फेक झाली की भाल्याचं पुन्हा वजन करतात. भाला काही ग्रॅम हलका निघाला. टोक झिजलेलं होतं. स्पर्धेआधी तपासणारा माणूस तिला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं भाला हातात घेतला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि काट्यावर न ठेवताच "जा, फेक" म्हणाला. फेक रद्द झाली. पुन्हा तेवढी लांब तिला कधी जमली नाही.

"तू त्याला काय बोललीस?" मी रागानं विचारलं. मला तर त्या माणसाला तिथल्या तिथे धरून हलवावंसं वाटत होतं.

"काय बोलणार? तो चांगला माणूस होता. म्हणून तर झालं ते," ती म्हणाली आणि मटारच्या शेंगा पुढे ओढल्या.

गेल्या वर्षी शरद ऋतूत तिला तिच्या देशाच्या संघटनेकडून पत्र आलं. मार्चमध्ये युरोपातल्या फेकीच्या खेळाडूंची स्पर्धा होणार होती. संघात यायचं असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत अमुक एवढं अंतर फेकून दाखवायचं. पत्रात वयाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, पण यापुढे आपल्याला असं पत्र येणार नाही हे तिला ठाऊक होतं. कोपर आणखी एक वर्ष काढणार नाही हे तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लाटव्हियाच्या टी-शर्टात एकदा, शेवटचं, धावून यायचं, एवढंच तिला हवं होतं. महिन्याभरात तिनं दोन स्पर्धा केल्या. दोन्हींत अंतर थोडक्यात हुकलं. दुसऱ्या स्पर्धेनंतर सरावात तिच्या दोन भाल्यांपैकी एक वाकला. आता एक भाला उरला, आणि मोसमातली एकच स्पर्धा उरली. ती आमच्या मैदानावर होती, शनिवारी. त्या शनिवारी दसरा होता.

"दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं," सासूबाई तिला म्हणाल्या. "ह्या वर्षी तू आमच्या सगळ्यांच्या वतीनं कर."

"आई, भालाफेकीत रेषा ओलांडली की लाल झेंडा दाखवतात," मी म्हटलं.

"तू दाखवशीलच," त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. हॅरोत हत्यारं कुठली असणार? विळी, कात्र्या, नवऱ्याचं ड्रिल मशीन, माझा लॅपटॉप, कचरा ओढायचा हूव्हर. शुक्रवारी मी नेहमीसारखी मेट्रोपॉलिटन लाईन पकडून ऑफिसला गेले, भालेवाली हॉस्पिटलात गेली, आणि सासूबाई घरी एकट्या होत्या. संध्याकाळी दार उघडलं तर हॉलमध्ये पाट मांडलेला, झेंडूच्या माळा, उदबत्तीचा वास, आणि सगळ्या हत्यारांच्या पुढे, मधोमध, तिचा भाला. इतका लख्ख मी तो कधीच पाहिला नव्हता. मुठीला झेंडूचं फूल टेकवलेलं, दांड्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढलेली.

"घरात पहिल्यांदा खरं हत्यार आलंय," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर इतकी वर्षं मी हूव्हरलाच फुलं वाहतेय."

मला भरून आलं, खरंच. मी फोटो काढला आणि मुलीला पाठवला. भालेवाली आली तेव्हा तिनं बूट काढले, आमचं बघून बघून शिकलेला नमस्कार केला, आणि बराच वेळ त्या पाटासमोर उभी राहिली. "उद्या सकाळी अक्षता टाकेपर्यंत हलवायचं नाही हं," सासूबाईंनी तिला बजावलं. सकाळी त्यांनी अक्षता टाकल्या, हातातल्या बांगडीतून चार पिना काढून तिला दिल्या, "ह्या लाव आज, चांगल्या हातच्या आहेत," म्हणाल्या. तिनं मऊ फडक्यानं मूठ पुसली, घाईघाईनं भाला नळकांड्यात घातला आणि आम्ही निघालो.

शेडमध्ये मी नेहमीच्या क्रमानं काम केलं. तिचा भाला शेवटी घेतला. आपल्या माणसाचा भाला मी मुद्दाम शेवटी घेते. वजन बरोबर. लांबी बरोबर. मग मी टोकापासून हात फिरवायला सुरुवात केली, आणि मुठीच्या पुढे वीतभर अंतरावर बोटं थांबली. खरखर. हात मागे नेला, पुन्हा पुढे नेला. खरखर. मी भाला खिडकीपाशी उजेडात धरला. दांड्याच्या जवळजवळ अर्ध्या लांबीवर बारीक बारीक ओरखडे होते, गोल गोल फिरवलेले, आणि त्या प्रत्येक ओरखड्यात हळद बसली होती. पिवळ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. पूजेआधी हत्यार घासूनपुसून लख्ख करायचं असतं. तीस वर्षं कँटीनची भांडी लख्ख करणाऱ्या बाईनं भालाही तसाच लख्ख केला होता, तारेच्या घासणीनं.

शेडमध्ये मी एकटीच होते. मुख्य पंच बाहेर रेषा तपासत होते. ते ओरखडे लांबून कुणाला दिसले नसते; माझी बोटं नाही म्हणाली नाहीत तर दुसरं कोणी हात लावून बघणार नव्हतं. भाला हातात खेळवत मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. माझ्या घरच्या माणसानं हे केलं होतं. आणि जिच्यावर हे आलं होतं तिला आता दुसरी संधी नव्हती. खरं सांगते, मी टिकल्यांचा कागद खिशातून बाहेर काढला होता.

मग मला मटार आठवले. फेक लांब गेली असती तर भाला पुन्हा तपासायला आला असता, आणि तपासणारी मी एकटी नसते. तेव्हा कोणी तरी खिडकीपाशी धरून बघितलंच असतं. पाठीवर थाप मारून "जा, फेक" म्हणणारा एक चांगला माणूस तिला आयुष्यात पुरेसा होता. मी कागद परत खिशात घातला आणि तिला हाक मारली.

"नापास," मी म्हटलं.

"विनोद करू नकोस."

मी तिचं बोट धरून त्या ओरखड्यांवरून फिरवलं. ती इंग्लिशमध्ये बोलत होती, पण त्या क्षणी तिनं जे काही म्हटलं ते तिच्या भाषेत होतं आणि मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. मग तिला त्या पिवळ्या रेघा दिसल्या. तिनं नखानं थोडी हळद खरवडली, वास घेतला, आणि मराठीत एवढंच विचारलं, "आजी?"

मी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याचा रागही येत होता. "मी काय करू, सांग," मी म्हटलं. "मला पास करता येत नाही. मला करायचा आहे, पण येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून बाहेर गेली. बाहेर रेतीची बादली लाथेनं उडाल्याचा आवाज आला. मी गेले नाही. थोड्या वेळानं ती दारात परत आली. "आजीला सांगायचं नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. खरं तर मला तसलं प्रॉमिस पाळता येत नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तपासून आलेला भाला त्या दिवसापुरता मैदानावरच्या सगळ्यांचा असतो, असा आमच्या खेळाचा नियम आहे. वेल्समधली एक शिक्षिका, तिची जुनी प्रतिस्पर्धी, तीन भाले घेऊन आली होती. झाला प्रकार कळल्यावर ती स्वतःहून आली, आपला सगळ्यांत चांगला भाला भालेवालीच्या हातात ठेवला, आणि दोघी कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं बोलत राहिल्या: हा जरा कडक आहे, वर फेकलास तर शेपूट खाली बसतं, सरळ ठेव. स्वतः हरण्याची शक्यता वाढवत समोरच्याला असं शिकवणारी माणसं मी भाल्याच्या मैदानावरच पाहिली आहेत.

शेडचं काम संपल्यावर माझी नेमणूक मैदानात होती, भाला जिथे टोचतो तिथे खूण करायची. तिला हवं असलेलं अंतर मोजून आम्ही गवतात एक छोटी पाटी रोवली होती. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं की पाटीच्या पुढे गेला तर मार्च, अलीकडे पडला तर संपलं. एकूण सहा फेकी.

पहिली फेक आडवी पडली, लाल झेंडा. दुसरी पाटीच्या खूप अलीकडे. तिसरीला तिनं रेषा ओलांडली. लाल झेंडा दाखवायच्या जागी मी नव्हते याचं मला बरं वाटलं. चौथीला भाला सरळ आला, पण पुरला नाही. पाचवी पाटीच्या चार पावलं अलीकडे. ती माझ्यापासून इतकी लांब होती की तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होतं ते एवढंच की ती धावपट्टीच्या टोकाला उभी आहे आणि छातीवरच्या नंबराच्या कागदाची एक पिन चाचपते आहे. हेलसिंकीची असेल किंवा दोहाची. सासूबाईंनी दिलेली होती एवढं खरं.

मग ती धावली. भाला हातातून सुटला की तो चांगला आहे की नाही हे आम्हा पंचांना आवाजावरून कळतं. वाईट फेकीचा भाला थरथरतो. हा थरथरला नाही. वर गेला, करड्या आभाळात क्षणभर दिसेनासा झाला, आणि मग थेट माझ्या रोखानं खाली येऊ लागला. नियम असा की भाला हवेत असताना पाठ फिरवायची नाही. मी दोन पावलं मागे सरले, आणखी दोन, आणखी एक. पाटी माझ्या उजव्या हाताला पुढे राहिली होती. भाला माझ्या आणि पाटीच्या मध्ये टोचला. पाटीच्या पुढे, चांगला दोन वीत पुढे. मी खूण रोवली आणि ओरडले. पंचांनी ओरडायचं नसतं. मी मराठीत ओरडले, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

भाला लगेच शेडमध्ये नेला. मुख्य पंचांनी स्वतः वजन केलं, मी दूर उभी राहिले. वजन बरोबर, लांबी बरोबर. त्यांनी टोकापासून शेपटापर्यंत हात फिरवला आणि कागदावर सही केली. भालेवाली दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली, माझा उजवा हात धरला, आणि माझी बोटं आपल्या कपाळाला लावली. नमस्कार असा करत नाहीत. पण मी चूक काढली नाही.

मार्चमध्ये ती त्या स्पर्धेला गेली, देशाच्या टी-शर्टात धावली, आणि तिची शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आटोपून चार पिना घेऊन परत आली. खंडेनवमीला हत्यारं घासायचं काम मी आता स्वतःकडे घेतलं आहे. आईंचे गुडघे दुखतात, असं कारण मी सांगितलं आहे.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारी आम्ही घरी आलो तेव्हाचं. उजेड होता अजून. सासूबाई दारात तबक घेऊन उभ्या होत्या. नवऱ्यानं मैदानावरून फोन करून सांगितलंच होतं. त्यांनी तिला ओवाळलं, तिच्या हातावर सोनं ठेवलं. आमच्याकडे सोनं म्हणजे मागच्या अंगणातल्या एका झुडपाची पानं. आपटा हॅरोत कुठून आणायचा?

"माझी पूजा पावली की नाही?" त्यांनी विचारलं.

"पावली, आजी," भालेवाली म्हणाली.

"ह्याच भाल्यानं ना?"

"ह्याच."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांना माहीत आहे, सगळ्या घराला माहीत आहे, की माझ्या तोंडून खोटं निघत नाही. "काय गं, खरं?"

"हो, आई," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. भाल्यालाही सोनं द्यायचं म्हणून त्यांनी नळकांड्याचं झाकण काढायला लावलं आणि भाला हॉलमध्ये पाटावर ठेवला. मग वाकून बघत राहिल्या. मुठीच्या मागे बघितलं, पुढे बघितलं.

"अगं, ह्याची टिकली कुठाय?"

भालेवालीनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा हात त्या ओरखड्यांवरच होता, आणि त्यांच्या बोटांना ते कळत नव्हते. तीस वर्षं घासण्या धरलेली बोटं ती.

"गवतात पडली असेल," मी म्हटलं. "थांबा."

मी जाकिटाच्या खिशातून टिकल्यांचा कागद काढला आणि पाटाशी बसले. सवयीनं टोकापासून हात फिरवला. खरखर तशीच होती, हळदही तशीच. मी एक टिकली सोडवली आणि मुठीच्या मागे, नेहमीच्या जागी, दाबून लावली. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून ती नीट बसली आहे का ते पाहिलं आणि तिच्या शेजारी एक पान ठेवलं. इतक्या वर्षांत नापास भाल्याला मी पास केलं ते तेवढं एकदाच, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. टिकली अजून आहे तिथेच.